हे तुमचे कोण?

गेल्या महिन्यात माळा आवरायला काढला. माळा आवरणं म्हणजे अर्धा तास काम आणि चार तास जुने कागद वाचत बसणं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. तर त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली. बापूमामाची. आत त्याचं जुनं रेशनकार्ड होतं. कडा चहाच्या रंगाच्या झालेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. २६ जुलै २००५ च्या पाण्यात भिजलेलं आणि नंतर गॅसच्या शेगडीशेजारी वाळवलेलं. कुटुंबप्रमुख म्हणून मामाचं नाव, आणि आत कुटुंबातल्या माणसांच्या यादीत एकच ओळ. पुन्हा मामाच.

त्या खोलीत तेव्हा दोन माणसं राहत होती.

आपल्या घरातल्या मंडळींना मी कोणाबद्दल बोलतेय ते कळलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगते. मामा कलिन्याला एका चाळीत तळमजल्यावर राहायचा. छापखान्यात कामाला होता. लग्न केलं नाही. त्याच्याबरोबर १९८३ पासून सदाकाका राहायचे, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. आमच्याकडे त्यांची ओळख 'मामाचे मित्र' अशी. दिवाळीला मामाकडे फराळाचा डबा जायचा तो दोघांना पुरेल एवढा, पण लग्नाच्या पत्रिकेवर नाव एकट्या मामाचं. कोणी काही विचारलं नाही आणि कोणी काही सांगितलं नाही. (सदाकाकांना विचारूनच हे लिहितेय. त्यांचं नाव मात्र बदललं आहे.)

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला शंभरसुद्धा झाला नव्हता, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांत बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याचा संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. मिठी नदी, जिला आम्ही तोवर नालाच समजत होतो, ती कलिना, कुर्ला सगळीकडे घुसली. मामा आणि सदाकाका रात्रभर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे उभे होते. बसायला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी मी ठाण्याहून कपडे आणि डबा घेऊन गेले. सदाकाका चिखल काढत होते. तेवढ्यात पंचनामा करायला दोघं जण आले. काय काय गेलं ते लिहून घेतलं. मग त्यातल्या एकानं सदाकाकांकडे पेन रोखून मामाला विचारलं, "हे तुमचे कोण?"

मामा म्हणाला, "भाडेकरू आहेत."

सदाकाकांनी वर पाहिलं नाही. बादली भरली, बाहेर नेऊन ओतली, परत आले. त्यांचं रेशनकार्डावरचं नाव गावी भावाच्या घरात होतं. भाडेकरूची मदत वेगळी, आणि तिला भाडेपावती हवी. म्हणजे सदाकाकांचं त्या पुरात काहीच गेलं नाही. सरकारी हिशोबानं ते तिथे नव्हतेच.

हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. पुढे या विषयावर जे जे मिळालं ते वाचत गेले. आणि असं दिसलं की जगात जिथे जिथे पूर आला, वादळ आलं, तिथे तिथे कोणीतरी हातात वही घेऊन आलं आणि त्यानं हाच प्रश्न विचारला.

आता जरा लांब जाऊ या. मामाच्या पुरानंतर साधारण महिन्यानं, २९ ऑगस्ट २००५ ला, कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकलं. न्यू ऑर्लिन्स शहराचे पूररोधक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा बरीच वर्षं १,८३३ धरला जायचा. २०२३ साली तिथल्या चक्रीवादळ केंद्रानं तो सुधारून १,३९२ केला. बांधांच्या रचनेतच चूक होती हे ज्या लष्करी अभियंता दलानं ते बांधले, त्यानंच पुढच्या वर्षी कबूल केलं.

माझा मावसभाऊ तेव्हा ह्यूस्टनला होता. न्यू ऑर्लिन्समधले हजारो लोक बसमध्ये घालून तिथल्या अॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आणले होते. हा शनिवार-रविवार तिथे फॉर्म भरून द्यायला जायचा. त्यानं तेव्हा मेलमध्ये लिहिलं होतं, "ताई, सगळ्यात जास्त वेळ 'नातं' या रकान्याला लागतो." मला वाटलं, तिकडच्या घटस्फोटांमुळे असेल. आपला अडाणीपणा, दुसरं काय!

लुइझियाना राज्यानं त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २००४ मध्ये, जनमत घेऊन समलिंगी विवाहावरची बंदी थेट राज्यघटनेत घातली होती. ७८ टक्के मतं बंदीच्या बाजूनं पडली. देशपातळीवर १९९६ चा कायदा होताच, ज्यात विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं एका घरात काढलेली दोन माणसं त्या स्टेडियमच्या दारात एकमेकांची कायद्यानं कोणीच नव्हती.

पारलिंगी माणसांची, म्हणजे जन्माच्या नोंदीतलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग वेगळं असलेल्यांची, अडचण याहून साधी आणि जास्त वाईट. छावणीत दोनच न्हाणीघरं असतात. टेक्सासमधल्या एका छावणीत न्यू ऑर्लिन्सहून आलेली विशीतली एक पारलिंगी मुलगी बायकांच्या न्हाणीघरात अंघोळीला गेली म्हणून तिला अटक झाली. काही दिवस तुरुंगात काढल्यावर ती सुटली आणि तिच्यावरचा आरोपही मागे घेतला गेला. जी पुरातून वाचली, ती अंघोळ केली म्हणून तुरुंगात गेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

आणि मग 'देवाचा कोप'. न्यू ऑर्लिन्समध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला 'सदर्न डेकडन्स' नावाचा समलिंगी लोकांचा उत्सव भरतो. १९७२ साली काही मित्रांच्या पार्टीतून तो सुरू झाला आणि पुढे इतका वाढला की लाखावर माणसं यायला लागली. २००५ मध्ये तो भरायच्या काही दिवस आधी कतरिना आलं. फिलाडेल्फियातल्या एका धर्मप्रचारक गटानं लगेच पत्रक काढलं की या पापामुळेच देवानं शहर बुडवलं. आता गंमत अशी, की तो उत्सव जिथे भरतो तो फ्रेंच क्वार्टर हा शहराचा सर्वात जुना भाग. जुन्या लोकांनी नदीकाठच्या उंचवट्यावर वसवलेला. तो जवळजवळ कोरडा राहिला! पाणी गेलं ते लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या खोलगट वस्त्यांत, बहुतेक गरीब काळ्या लोकांच्या घरांत. म्हणजे कोपाचा नेमसुद्धा चुकला. पण त्या खोलगट वस्त्यांतही समलिंगी आणि पारलिंगी माणसं राहत होती. ती गरीब होती, काळी होती, त्यामुळे या पत्रकातही नव्हती आणि उत्सवाच्या फोटोतही नव्हती.

उत्सव रद्द झाला. तरी शहरात मागे राहिलेली मूठभर माणसं त्या रविवारी, ४ सप्टेंबरला, रिकाम्या रस्त्यावरून छोटीशी मिरवणूक काढून चालत गेली. आपल्याकडे पुरात चाळ बुडाली तरी कोणीतरी गणपती बसवतोच ना, त्यातलाच प्रकार.

मला मात्र प्रश्न पडला की या लोकांना ही सवय कुठून आली असेल? त्यासाठी आणखी मागे जायला लागतं.

२४ जून १९७३, रविवार संध्याकाळ. फ्रेंच क्वार्टरच्या कडेला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर 'अपस्टेअर्स लाउंज' नावाचा बार होता. समलिंगी लोक तिथे जमायचे. त्यांना सामावून घेणाऱ्या एका छोट्या चर्चची माणसंही तिथे यायची. कोणीतरी जिन्यात आग लावली. खिडक्यांना गज होते. ३२ माणसं गेली. या आगीबद्दल शेवटपर्यंत कोणावरही खटला चालला नाही. शहरातल्या अनेक चर्चनी शोकसभेला दारं बंद ठेवली. काही मृतदेह घ्यायला घरचं कोणी आलंच नाही. आलं असतं तर आपला मुलगा तिथे का गेला होता ते गावाला कळलं असतं. शेवटी चार जणांना बेवारस लोकांच्या दफनभूमीत पुरलं. त्यातल्या तिघांचं तेव्हा नावही कळलं नव्हतं. शहराच्या कौन्सिलनं या वागण्याबद्दल औपचारिक माफी मागितली ती २०२२ साली. एकोणपन्नास वर्षांनी.

त्या बेवारस चौघांचा विचार करा. त्यांचं नाव, राहणं, कोणाबरोबर राहणं, हे माहीत असलेली माणसं शहरात असणारच. पण त्यांना कोणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तर ती बोलली असती का, हाही प्रश्नच. 'भाडेकरू' म्हणाली असती कदाचित.

मग दहा वर्षांनी एड्स आला. घरच्यांनी बाहेर काढलेले आजारी तरुण, आणि त्यांच्या उशाशी बसलेले मित्र, ज्यांना दवाखान्याच्या कागदावर सही करता येत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये १९८३ साली या लोकांनी स्वतःच 'नो एड्स टास्क फोर्स' ही संस्था काढली. डबा कोणाकडे पोचवायचा, औषध कोणाला हवंय, घरी कोण एकटं आहे, याच्या याद्या त्यांनी स्वतः ठेवल्या. कतरिनानंतर शहराचं चॅरिटी हॉस्पिटल बंद पडलं ते पुन्हा कधीच उघडलं नाही. गरीब एचआयव्ही रुग्णांचा मोठा दवाखाना तिथेच होता. एचआयव्हीचं औषध रोज घ्यावं लागतं, पूर आला म्हणून सुट्टी नसते. अशा वेळी कामाला आली ती ही बावीस वर्षांची सवय, आपली माणसं आपणच मोजायची.

मला या सगळ्या वाचनातून सापडलं ते एवढंच. मदत ही कागदावरच्या कुटुंबातून वाहते. कुटुंबप्रमुख, त्याची बायको, मुलं. या नळातून जे येतं ते येतं. ज्यांनी दुसऱ्या प्रकारचं घर केलं त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही, मग वाटणारा माणूस कितीही भला असो. आमच्या चाळीत आलेले ते दोघंही काही वाईट नव्हते. उन्हातान्हात, चिखलात दिवसभर फिरत होते बिचारे. त्यांच्या वहीत रकाना नव्हता.

आपल्या उपखंडात तर हे जास्तच. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी ही भूकंपानं आली, तिचा हवामानाशी संबंध नाही. पण वही तीच. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या अरवानींवर, म्हणजे तिथल्या तृतीयपंथीयांवर, चमन पिंचा यांनी नंतर अभ्यास केला. रेशनकार्ड नाही म्हणून मदतीच्या यादीत नाव नाही, बाई की पुरुष यात बसत नाही म्हणून तात्पुरत्या निवाऱ्यात जागा नाही, अशी ती हकीकत. तमिळनाडू सरकारनं २००८ मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ काढलं. देशात असं पहिलंच. रेशनकार्डावर त्यांच्यासाठी वेगळी नोंदही त्याच सुमारास आली. मंडळामागे अनेक वर्षांची चळवळ होती, ते काही एका लाटेनं झालं नाही.

२०१० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाकिस्तानात सिंधूला महापूर आला. सुमारे दोन कोटी लोकांना त्याचा फटका बसला. मदतीसाठी सरकारनं 'वतन कार्ड' काढलं आणि ते मिळायला राष्ट्रीय ओळखपत्र हवं. तिथल्या ख्वाजासरांपैकी किती जणांकडे ते असणार! सर्वोच्च न्यायालयानं त्यांची ओळखपत्रात वेगळी नोंद करा असं २००९ मध्येच सांगितलं होतं, पण आदेश कागदावरून कार्डावर यायच्या आधी पाणी आलं. काही ख्वाजासरांना छावण्यांत घेतलंच नाही, असं त्या काळच्या अहवालांत नोंदलेलं आहे.

हे सगळं वाचताना मला वाटायचं की आपल्याकडे हा रकाना कधी नव्हताच. पण तसं नाही! इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांचा १९८७ चा एक लेख वाचनात आला आणि मी चकितच झाले. मराठा अमलात आपल्याच मुलखातल्या हिजड्यांना गावोगावी ठरावीक हक्क गोळा करायचा अधिकार राज्यानं मान्य केलेला होता. काहींकडे इनाम जमिनी होत्या. आणि ते हक्क गुरूकडून चेल्याकडे जायचे. म्हणजे दप्तरात नाव होतं, आणि रक्ताच्या नात्याशिवायचा वारसही होता.

कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर मुंबई इलाख्यातल्या साहेबांना हे पटेना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे हक्क पुढे चालवायला त्यांनी नकार दिला. पोटचा मुलगा नाही तर वारस कसला, असा एकूण सूर. पुढे १८७१ चा 'गुन्हेगार जमाती कायदा' आला. त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता आणि तो प्रामुख्यानं उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. त्यात रजिस्टर ठेवायचं होतं, पण मदतीसाठी नाही, पाळतीसाठी. आणि त्या रजिस्टरात ज्याचं नाव चढलं त्याला मृत्युपत्र करता येणार नाही, मूल दत्तक घेता येणार नाही, अज्ञानाचा पालक होता येणार नाही. नीट बघा, एकेक करून नेमकं काय तोडलंय ते. घर तोडलंय. ३७७ कलम त्याआधीच, १८६० च्या दंडविधानात आलेलं होतं. मामानं २००५ साली 'भाडेकरू' म्हटलं तेव्हा ते कलम लागू होतं. त्यामुळे मामाला भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा इतिहास झाला, हवामानाचं काय? सांगते. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात एकाच वेळी अतिवृष्टी होण्याचे प्रसंग तिपटीनं वाढले आहेत. तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोट जमिनीकडे येतात, हे त्याचं एक मुख्य कारण. एकूण पाऊस वाढलेला नाही, तो पडतो मात्र एकदम. आधी आपण म्हणायचो की २६ जुलै शंभर वर्षांतून एकदा. तिकडे लुइझियानाचा किनारा १९३० च्या दशकापासून जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर समुद्रात गेलाय, आणि २०२१ मध्ये आयडा वादळ आलं ते कतरिनाच्याच तारखेला, २९ ऑगस्टला. यावेळी न्यू ऑर्लिन्सचे नवे बांध टिकले, पण सगळ्या शहराची वीज गेली. म्हणजे वही घेऊन येणारी माणसं आता पुन्हा पुन्हा येणार आहेत, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारणार आहेत.

सदाकाकांना तो दुसऱ्यांदा विचारला गेला.

मामा २०११ मध्ये गेला. शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात सदाकाकाच होते. दिवसा आणि रात्री. पण ऑपरेशनच्या कागदावर 'नातेवाईकाची सही' माझ्या बाबांनी केली, वर्षातून दोनदा भेटणाऱ्या मेव्हण्यानं. तेराव्यानंतर आपण सगळे त्या खोलीत जमलो होतो. खोली मामाच्या नावावर, म्हणजे ती मावश्यांची आणि आईची. कोणी सदाकाकांना जा म्हटलं नाही. आपण फक्त त्यांच्यासमोर बसून खोलीच्या भावाबद्दल बोललो. महिन्याभरात ते दोन पिशव्या घेऊन चिपळूणला भावाकडे गेले. मी तेव्हा तिथे होते आणि गप्प होते. हे वाचणाऱ्यांपैकी निदान सहा जण तेव्हा तिथे होते. कोणाला दोष देत नाहीये, आपण काय केलं ते एकदा लिहून ठेवतेय.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्या चोवीस तासांत वर महाबळेश्वरला जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस झाला होता. टीव्हीवर बघत होते आणि एकदम आठवलं. नंबर शोधून फोन लावला. दोन दिवसांनी लागला.

"काका, ठीक आहात ना?"

"हो गो बाय. माळ्यावर होतो. आता सवय झाली."

मग कळलं की भावाच्या घराच्या मागच्या पडवीत ते राहतात. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, हे कोण? भाऊ म्हणाला, पाहुणे आहेत. पडवीतलं सामान पुन्हा कोणाच्याच नावावर नाही. कलिन्याला भाडेकरू, चिपळूणला पाहुणे. तेव्हापासून मात्र मी दर महिन्याला फोन करते, वर्षातून दोनदा जाते. उशिरानं सुचलेलं शहाणपण म्हणा.

मधल्या काळात बरंच बदललंय, हेही सांगायला हवं. २०१४ च्या नाल्सा निकालानं तृतीयपंथीयांना कायद्यात जागा मिळाली. २०१८ मध्ये ३७७ चं ओझं उतरलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, पण रोजच्या अडचणींवर सरकारनं समिती नेमून विचार करावा, हे नोंदवलं. त्यातून २०२४ मध्ये केंद्राची काही पत्रं निघाली. एकात राज्यांना सांगितलंय की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं. दुसरं आरोग्य खात्याचं. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात मिळावा, असं. मी ती बातमी वाचली आणि न्यू ऑर्लिन्सच्या दफनभूमीतले ते चौघे आठवले. 'रेशनकार्ड' आणि 'मृतदेह', एवढे दोनच साधे शब्द आहेत, पण त्यामागे किती मोठी रांग उभी आहे!

अर्थात पत्र दिल्लीहून निघणं आणि पुराच्या चिखलात उभ्या माणसाच्या वहीपर्यंत पोचणं यात अंतर आहे. पाकिस्तानात ते आपण पाहिलंच. त्यामुळे दर पावसाळ्यात गाड्या भरून मदत घेऊन जाणाऱ्या तुम्हा मंडळींना एक विनंती. यादी करताना 'कुटुंबप्रमुख कोण, तुमचं नातं काय' असं विचारू नका. 'या घरात काल रात्री कोण कोण झोपलं होतं' असं विचारा. जेवढी नावं सांगतील तेवढी लिहा. छावणीत निदान एक तरी न्हाणीघर असं ठेवा की ज्याला आतून कडी आहे आणि बाहेर पाटी नाही. आणि गावात तृतीयपंथीयांचं घर असेल तर तिथल्या गुरूला आधी भेटा. कोण कुठे आहे, कोणाचं औषध चालू आहे, हे त्यांच्याइतकं तलाठ्यालाही ठाऊक नसतं.

पिशवीत रेशनकार्डाबरोबर आणखी एक कागद होता. ३ जुलै २००९ च्या वर्तमानपत्रातलं कात्रण, ३७७ बद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं दिलेल्या निकालाचं. चार घड्या घातलेलं. मामा त्याबद्दल कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. कात्रण मात्र व्यवस्थित कापलेलं, छापखान्यातल्या माणसानं कापावं तसं, सरळ रेषेत.

गेल्या आठवड्यात ती पिशवी घेऊन चिपळूणला गेले. सदाकाकांनी कात्रण उलगडलं, वाचलं, परत त्याच घड्यांवर मिटलं. मी त्यांना रेशनकार्डाच्या त्या पत्राबद्दल सांगितलं. त्यावर हसले.

"आता काय करू गो रेशनकार्ड घेऊन? साखर तरी मिळते का त्याच्यावर?"

मग त्यांनी मामाचं कार्ड मागून घेतलं. चिकटलेली पानं नखानं हळूहळू सोडवत बसले. मी चहा टाकायला आत गेले. त्यांच्या वहिनी नव्यानं राहायला आलेल्या शेजारणीशी बोलत होत्या. शेजारणीनं माझ्याकडे बघून पडवीच्या दिशेनं मान हलवली आणि विचारलं, "ते तुमचे कोण?"

मी म्हटलं, "माझ्या मामाच्या घरातले. माझे मामाच ते."